९७ टक्के पेसिंग, तरीही धाप: डिव्हाइस क्लिनिकमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी) झाल्यावर दोन वर्षं कॅथ लॅबमध्ये काढली आणि एका सोमवारी मला डिव्हाइस क्लिनिकमध्ये, म्हणजे पेशंटच्या हृदयाला जोडलेली यंत्रं तपासतात तिथे, बसवलं. आधीची टेक्निशियन नोकरी सोडून गेली होती. प्रोग्रॅमर (यंत्र बाहेरून तपासायचा संगणक) चालू करून त्याची वॉन्ड छातीवर कुठे ठेवायची, एवढं येणारी मी एकटीच उरले होते. पहिल्या दिवशी अकरा पेशंट: सात पेसमेकरवाले, तीन आयसीडीवाले (धोक्याच्या लयीत शॉक देणारं यंत्र), एक सीआरटी (हृदयाच्या दोन्ही बाजू एकत्र पेस करणारं यंत्र). रात्री आईने विचारलं, "काय केलंस गं दिवसभर?" मला सांगता येईना. अकरा माणसांच्या हृदयाला जोडलेली यंत्रं मी उघडून बघितली होती आणि पडद्यावर दिसलेलं निम्मं मला कळलं नव्हतं.

व्हीव्हीआय, डीडीडी हे पेसिंगचे मोड आणि थ्रेशोल्ड, सेन्सिंग, इम्पिडन्स ही लीडची (हृदयातल्या तारेची) मोजमापं, हे तुम्हाला येतं असं धरून मी लिहिते आहे. येत नसेल तर आधी ते पक्कं करा, त्याला पर्याय नाही. आणि भीती वाटत असेल तर वाटू द्या. थ्रेशोल्ड टेस्ट, म्हणजे हृदय पकडायला कमीत कमी किती व्होल्टेज लागतं ते बघणं, सुरू करताना पहिले सहा महिने माझ्या तळहाताला घाम यायचा. भीती वाटणारी मुलं हळू हात चालवतात, आणि या कामात ते चांगलंच आहे.

आता ज्या गोष्टीत मी फसले, ती सविस्तर सांगते.

सोलापूर जिल्ह्यातले एक काका होते. साठी ओलांडलेली, उसाची शेती. हृदयाचं पंपिंग २५ टक्के, ईसीजीत एलबीबीबी (डाव्या बंडलमध्ये अडथळा), क्यूआरएस (ईसीजीतला व्हेंट्रिकलच्या ठोक्याचा भाग) १६० मिलिसेकंदांच्या पुढे, आणि जोडीला कायमचं एएफ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित लय). सीआरटी-डी, म्हणजे शॉकची सोय असलेलं सीआरटी, बसवलेलं. दर तीन महिन्यांनी एसटीने यायचे, सोबत मुलगा असायचा. मी इंटरॉगेट करायची, म्हणजे यंत्रातली माहिती वाचून घ्यायची, काउंटर बघायची. बायव्हेंट्रिक्युलर (खालच्या दोन्ही कप्प्यांचं, म्हणजे व्हेंट्रिकलचं) पेसिंग पहिल्यांदा ९६ टक्के, मग ९७, मग पुन्हा ९७. दोन्ही व्हेंट्रिकलच्या लीडचे थ्रेशोल्ड चांगले, बॅटरी भरपूर, शॉक एकही नाही. फाइलमध्ये मी लिहायची, "पॅरामीटर्स नॉर्मल." काका दर खेपेला एकच सांगायचे, "ताई, मशीन चांगलंच असंल, पण बांधावरून चाललं तरी धाप लागती." आणि मी म्हणायची, "काका, मशीन अगदी व्यवस्थित चालू आहे." हे वाक्य मी तीन वेळा म्हटलं. आजही आठवलं की घशात अडकतं.

चौथ्या वेळी ते क्लिनिकमध्ये आलेच नाहीत, कॅज्युअल्टीत आले. फुप्फुसांत पाणी, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले. दुसऱ्या दिवशी ईपीचे (हृदयाच्या लयीच्या विकारांचे) सर राउंडला आले. मी प्रिंटआउट पुढे केला, ९७ टक्क्यांवर पेनाने गोल करून. सरांनी तो बघितलाच नाही. म्हणाले, "बारा लीडचा ईसीजी कुठाय?" नव्हता. तीन फॉलोअपमध्ये मी एकदाही काढला नव्हता. प्रोग्रॅमरला जोडलेली चार वायरींची स्ट्रिप आणि तिच्याखाली उमटणारं व्हीपी, व्हीपी, व्हीपी (व्हेंट्रिकल पेस केल्याची खूण), एवढ्यावर माझं काम भागत होतं.

सरांनी लांब स्ट्रिप काढायला लावली. प्रत्येक क्यूआरएसच्या आधी स्पाइक (यंत्राच्या करंटची उभी रेघ) होता, पण क्यूआरएसचे आकार एकासारखे एक नव्हते. एक रुंद, एक अरुंद, एक मधलाच कुठलातरी.

तर हे नीट समजून घ्या. पेसिंगचा काउंटर फक्त यंत्राने किती वेळा करंट सोडला ते मोजतो. त्या करंटने हृदयाचा स्नायू पकडला का, पूर्ण पकडला की अर्धाच, हे त्या आकड्यात नसतं. एएफमध्ये वरून येणारे ठोके अनियमित असतात. यंत्र स्पाइक सोडतं त्याच क्षणी एव्ही नोडमधून (वरच्या कप्प्यांतून खाली येणाऱ्या विजेच्या वाटेने) पेशंटचा स्वतःचा ठोकाही खाली उतरलेला असतो. मग दोन लाटा एकमेकींत मिसळतात आणि अर्धा ठोका यंत्राचा, अर्धा स्वतःचा होतो. हे फ्यूजन. कधी तर व्हेंट्रिकल आधीच स्वतःच्या वाटेने उठलेलं असतं आणि स्पाइक नुसताच त्याच्यावर येऊन पडतो, त्याने काहीच साधत नाही. हे स्यूडोफ्यूजन. काउंटरमध्ये दोन्ही "पेस" म्हणूनच जमा होतात. काकांचे ९७ टक्के असे जमले होते. त्यांतले बरेच ठोके त्यांच्या त्याच जुन्या एलबीबीबीचे होते, म्हणजे सेप्टम (मधली भिंत) आधी आणि बाहेरची भिंत मागाहून. ज्या दुखण्यासाठी डावी लीड कोरोनरी सायनसमधून (हृदयावरच्या शिरेतून) एवढ्या कष्टाने नेली, ते दुखणं जागच्या जागीच होतं.

ही चूक माझ्या एकटीची नाही, एवढा धीर देते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात कायमचं एएफ आणि सीआरटी असलेल्या १९ रुग्णांना बारा लीडचा होल्टर (ईसीजी सतत नोंदवणारं छोटं यंत्र) लावला होता. यंत्राच्या हिशेबाने सगळ्यांचं पेसिंग ९० टक्क्यांच्या वर होतं. प्रत्यक्षात परिणामकारक पेसिंग जेमतेम निम्म्यांत निघालं. रुग्णसंख्या लहान आहे, पण तो अभ्यास वाचला तेव्हा मला काकांचीच स्ट्रिप वाचल्यासारखं झालं.

मग करायचं काय? एएफ असलेल्या सीआरटीच्या पेशंटचे तीन ईसीजी काढायचे, तिन्ही बारा लीडचे. पहिला, पेसिंगचा रेट तात्पुरता खाली आणून, पेशंटचा स्वतःचा क्यूआरएस दिसेल असा. दुसरा, रेट पेशंटच्या स्वतःच्या गतीच्या वर नेऊन, म्हणजे प्रत्येक ठोका पूर्णपणे यंत्राचाच असेल असा. तिसरा, रोजच्या सेटिंगवर, जमेल तितका लांब. तिसरा दुसऱ्यासारखा दिसला तर ठीक. तो पहिल्याकडे झुकत असेल, किंवा ठोक्यागणिक आकार बदलत असेल, तर काउंटर काहीही म्हणो, पेशंटला सीआरटी पूर्ण मिळत नाही. रेट बदलण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा, पेशंटलाही सांगा, आणि झाल्यावर सेटिंग जिथल्या तिथे आणून पुन्हा एकदा तपासा. पहिले दोन ईसीजी यंत्र बसवल्यानंतरच्या पहिल्याच भेटीत काढून फाइलला लावून ठेवले की पुढच्या प्रत्येक वेळी तुलना दोन मिनिटांत होते.

ईसीजीतल्या लीड वनकडे (ही ईसीजीची लीड, हृदयातली तार नव्हे) डोळे फाडून बघायची सवय लावा. यंत्राची डावी लीड पकडत असेल तर लीड वनमध्ये क्यूआरएस बहुतेक वेळा खाली जातो, निदान सुरुवातीला क्यू तरी दिसतो, आणि व्ही वनमध्ये आर वर येतो. लीड वन अचानक सरळ उभा झाला आणि व्ही वन एलबीबीबीसारखा खोल गेला, तर डावी लीड सुटली की काय ही शंका आधी घ्या. लीड कुठे बसली आहे त्यावर आकार बदलतो, म्हणून "बहुतेक वेळा" म्हटलं. म्हणूनच पेशंटचा स्वतःचा जुना ईसीजी हाताशी हवा.

सायनस रिदमच्या (हृदयाची नेहमीची नियमित लय असलेल्या) पेशंटमध्येही हे होतं. एव्ही डिले (वरच्या ठोक्यानंतर खाली पेस करेपर्यंतचा वेळ) लांब ठेवला तर स्वतःचं कंडक्शन शर्यत जिंकतं. पण प्रत्येक फ्यूजन वाईट असं पाठ करू नका. काही यंत्रांत फक्त डावीकडून पेस करून उजव्या बंडलमधून येणाऱ्या स्वतःच्या लाटेशी तो पेस मुद्दाम जुळवतात. ते ठरवून केलेलं असतं, आणि क्यूआरएस अरुंद व एकसारखा राहतो. ठरवलेलं कोणतं आणि आपोआप झालेलं कोणतं, हे ओळखायला पुन्हा ईसीजीच लागतो.

काम लवकर उरकायच्या सोयींबद्दल माझं मत कडक आहे. आजची यंत्रं थ्रेशोल्ड स्वतः मोजतात, त्याचा आलेख काढतात, सगळ्यावर हिरवी खूण करून देतात. सोय चांगली आहे, गर्दीच्या दिवशी मीही वापरते. पण पहिलं वर्षभर तरी प्रत्येक थ्रेशोल्ड हाताने करा, आणि कॅप्चर सुटतं (करंट हृदयाला पकडत नाही) तो ठोका स्वतःच्या डोळ्यांनी बघा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "दहा पानांत सगळं डिव्हाइस" छापाच्या नोट्सवर माझा राग आहे. त्यांत मोड सापडतील, टायमिंगचे आकडे सापडतील, बांधावर धाप लागणारा माणूस सापडणार नाही. कंपनीच्या मुलांकडून मात्र जरूर शिका. त्यांतले कित्येक उत्तम आहेत आणि रात्री दोनला फोन उचलतात. फक्त ते तुम्हाला त्यांच्या कंपनीचा पडदा शिकवतात, म्हणून चार कंपन्यांच्या चौघांकडून शिका.

गुरू निवडताना हात किती झरझर चालतो ते बघू नका. माझ्या सुरुवातीच्या एका सीनियरचा हात विजेसारखा चालायचा. मी प्रश्न विचारला की प्रोग्रॅमर माझ्या हातून घेऊन स्वतः करून टाकायचे. दीड वर्षात मी त्यांच्याकडून बटणं कुठे आहेत तेवढंच शिकले. ईपीच्या त्या सरांनी मला वॉर्डात सगळ्यांसमोर गप्प केलं, पण नंतर चाळीस मिनिटं खुर्ची ओढून बसले आणि कॅलिपर माझ्या हातात देऊन प्रत्येक ठोका मोजायला लावला. असं कोणी भेटलं तर त्यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, त्यांना सोडू नका. आयबीएचआरईची (हृदयलय आणि डिव्हाइसच्या कामाची आंतरराष्ट्रीय) परीक्षा द्यायची असेल तर द्या, अभ्यास त्यामुळे शिस्तीत होतो. पण दोन वर्षं फॉलोअप केल्याशिवाय नको.

मॅग्नेटचं थोडक्यात, कारण कॅज्युअल्टीतून रात्री फोन हमखास येतो. पेसमेकरवर मॅग्नेट ठेवला की तो सहसा सेन्सिंग सोडून ठरावीक गतीने पेस करत राहतो. आयसीडीवर ठेवला की सहसा शॉक देणं थांबतं, पण पेसिंग जसंच्या तसं राहतं. ज्युनिअर डॉक्टर या दोन्हींची गल्लत करतात. ऑपरेशनला कॉटरी (विजेने कापायचं, रक्त थांबवायचं साधन) लागणार असेल आणि पेशंट आयसीडीचा असेल, तर यंत्र कोणतं हे आधी विचारा, मग बोला.

आणि एक विषय कोणी शिकवत नाही, तो मी सांगते. पेशंट गेला आणि दहन होणार असेल, तर यंत्र आधी काढावं लागतं. बॅटरी आगीत फुटते. आयसीडी असेल तर काढण्याआधी प्रोग्रॅमरने थेरपी बंद करावी लागते, नाहीतर काढणाऱ्याला शॉक बसू शकतो. घरचे रडत असतात, तिरडीची तयारी चाललेली असते, आणि हे सांगायला तुम्हीच असता. पहिल्यांदा मला शब्द सापडले नव्हते. आता मी घरातल्या एखाद्या थोरल्या माणसाला बाजूला घेते, हळू आवाजात सांगते आणि काम होईपर्यंत तिथेच थांबते. यंत्र बसवतानाच घरच्यांच्या कानावर हे घालून ठेवता आलं तर फार बरं.

कधी कधी असं होईल की महिनाभर काहीच डोक्यात शिरत नाहीये असं वाटेल. मला त्या दिवसांत आर्ने लार्सन हे स्वीडनमधले पेशंट आठवायचे. ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोममध्ये सर्जन ओके सेनिंग यांनी इंजिनियर रूने एल्मक्विस्ट यांनी बनवलेला पेसमेकर लार्सन यांच्या शरीरात बसवला, माणसात पूर्णपणे आत बसवलेला तो पहिलाच. तो काही तासांतच बंद पडला. लार्सन यांची पत्नी एल्स-मारी हिने हट्ट धरला नसता तर तो बसवलाही गेला नसता. पुढे आयुष्यभरात लार्सन यांना वीसहून अधिक यंत्रं बसवली गेली आणि ते २००१ मध्ये ८६ व्या वर्षी वारले, तेही हृदयाच्या दुखण्याने नाही. पहिलं यंत्र काही तास चाललं, आणि तरी त्या लोकांनी पुढचं बनवलं. आपण तर चालणाऱ्या यंत्रांवर शिकतो आहोत. वेळ लागू द्या.

काकांचं पुढे असं झालं. बीटा ब्लॉकर वाढवून एव्ही नोडवरून येणारे ठोके आवरायचा प्रयत्न झाला, पण बीपी खाली जायला लागलं. मग सरांनी एव्ही नोडचं ॲब्लेशन केलं, म्हणजे वरून खाली येणारी वाटच बंद केली. दुसऱ्या दिवशी बारा लीडचा ईसीजी मीच काढला. सगळे क्यूआरएस एकसारखे, लीड वन खाली. चार महिन्यांनी काका आले तेव्हा धाप पूर्ण गेली नव्हती, पण बांधाचं टोक ते न थांबता गाठत होते. पंपिंग ३५ पर्यंत आलं होतं.

मात्र आता त्यांचा स्वतःचा भरवशाचा ठोका उरलेला नाही. म्हणून त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने "डिपेंडंट" लिहून ठेवलं आहे. माझ्या सुटीच्या दिवशी तुमच्यापैकी कोणी तिथे बसलं, तर त्यांचा थ्रेशोल्ड करताना व्होल्टेज एकेक पायरीनेच उतरवा, ईसीजीवरून नजर हलवू नका, एक बोट टेस्ट थांबवायच्या बटणावर ठेवा, आणि डॉक्टर खोलीत असल्याशिवाय सुरूच करू नका.