इंग्लिश शब्दांच्या जोड्या कशा शिकायच्या (याद्या पाठ न करता)

मराठीत आपण गप्पा मारतो, हाक मारतो, मिठीपण मारतो आणि यात मारामारी कुठून आली असं कोणी विचारत नाही. इंग्लिशचंही तेच, पाऊस हेवी रेन पण वारा मात्र स्ट्राँग विंड, आता का ते विचारून फायदा नाही, तशी पद्धत पडलीय. याला कोलोकेशन म्हणतात.

नेटवर कोलोकेशनच्या ढीगभर पीडीएफ मिळतात, डाउनलोड सगळे करतात, उघडून कोणी बघत नाही. त्यापेक्षा जिथे मराठी आपल्याला भलतीकडे नेते तेवढ्याच जोड्या लिहून ठेवा. प्रश्न विचारणे म्हणजे आस्क अ क्वेश्चन, हे आपोआप येतं, सोडून द्या. पण आपण परीक्षा 'देतो' म्हणून तोंडात गिव्ह द एक्झाम येतं, तिकडे टेक किंवा सिट म्हणतात (आपल्याकडे गिव्ह सर्रास चालतं, कोणी अडवणार नाही, पण आयेल्ट्स या इंग्लिशच्या परीक्षेत, रायटिंगमध्ये टाळा). लाईट बंद करायचा तर क्लोज नाही, टर्न ऑफ. आणि डिस्कसच्या पुढे अबाउट लावायचंच नाही.

वहीत नामापासून सुरुवात करा, कारण बोलताना नाम आठवतं, गाडी अडते ती क्रियापदाशी. वर डेडलाइन लिहा, खाली मीट, मिस, एक्स्टेंड, आणि प्रत्येकापुढे स्वतःच्या कामातलं एक वाक्य, म्हणजे जीएसटी रिटर्न भरत असाल तर 'वी मिस्ड द डेडलाइन' त्यावरूनच बनवा, पुस्तकातलं वाक्य लक्षात राहत नाही. ऑक्सफर्डची कोलोकेशन्स डिक्शनरी (पहिली आवृत्ती २००२) याच कामाची आहे, नाम काढलं की त्याच्याबरोबर येणारी विशेषणं, क्रियापदं सगळी एका जागी.

शंका आली की गूगलचा एनग्राम व्ह्यूअर उघडा, फुकट आहे. हेवी रेन आणि स्ट्राँग रेन मधे कॉमा देऊन इंग्लिश स्पेलिंगमधे टाका, छापील पुस्तकांत कुठली जोडी किती येते त्याचा ग्राफ येतो. शब्दच सुचत नसेल तर त्याच्या जागी स्टार टाका, सगळ्यात जास्त येणारे दहा शब्द दिसतात, त्यात फालतू शब्दपण येतात, ते सोडायचे. ब्रिटिश आणि अमेरिकन वेगवेगळं निवडता येतं, तिथे मेक अ डिसिजन आणि टेक अ डिसिजन दोन्हीकडे टाकून बघा. ब्रिटिशांत टेकसुद्धा चालतं, त्यामुळे ते चूकच आहे असं ठासून सांगणारी रील आली तर खुशाल पुढे सरकवा.