जुनी गाडी घेतलीय? मग गिअरबॉक्सात कुठलं ऑइल जातंय ते आधी बघा

आपल्याकडं सोलापुरात सेकंडहँड गाडी घेतली की पहिल्यांदा काय, सिद्धेश्वराच्या देवळापाशी नेऊन नारळ फोडायचा, मग इंजिन ऑइल बदलायचं, टायर बघायचे, सीटकव्हर टाकायचे, झालं. गिअरबॉक्सात काय आहे हे कुणी विचारतच नाही. मी पण नव्हतं विचारलं. २००९ची वॅगन आर घेतली होती एमएच १३ पासिंगची, गिअर अगदी लोण्यासारखे पडायचे, आणि पहिल्याच सर्व्हिसिंगला मिस्त्री म्हणाला मालक गिअर ऑइल काळं झालंय, बदलून टाकतो, मी म्हटलं टाका की. त्यानं कोपऱ्यातल्या मोठ्या उघड्या कॅनमधून पंपानं नव्वद नंबर ऑइल भरलं. ट्रॅक्टरला तेच, टेम्पोला तेच, माझ्या गाडीला पण तेच.

दोन-तीन आठवडे काय कळलं नाही. मग डिसेंबर लागला आणि सकाळी सकाळी दुसरा गिअर टाकला की खर्रर्र. होटगी रोडला पोचेपर्यंत गाडी गरम झाली की आवाज बंद. क्लचची केबल ताणून झाली, एकानं क्लचप्लेट बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं थेट गिअरबॉक्स उतरवायचा हिशोब दिला, आणि मी पैशांची जुळवाजुळव करायला लागलो होतो. शेवटी डॅशबोर्डच्या कप्प्यातलं जुनं पुस्तक काढून बघितलं तर त्यात स्वच्छ लिहिलेलं, जीएल-४. आणि आत गेलेलं होतं जीएल-५.

आता हे जीएल, म्हणजे डब्यावर लिहिलेला गिअर ऑइलचा प्रकार, काय प्रकरण आहे ते नीट समजून घ्या, कारण मॅन्युअल गाडीत निम्मा घोळ इथंच होतो. गिअर टाकताना आत एक पितळी रिंग असते, सिंक्रो रिंग, ती म्हणजे एक छोटा ब्रेकच समजा. ती गिअरला घासून त्याचा वेग जुळवून घेते आणि मग गिअर बिनआवाज बसतो. म्हणजे तिला थोडी पकड पाहिजे. जीएल-५ ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसवालं केमिकल जीएल-४च्या जवळजवळ दुप्पट असतं, त्यामुळं ते जास्त घसरडं, रिंगला पकडच मिळत नाही, वरून हे केमिकल पितळ हळूहळू खातं. काही नवीन जीएल-५ पितळेला तेवढं खात नाहीत हे खरंय, पण घसरडेपणा राहतोच ना. लोकांना वाटतं पाच म्हणजे चारपेक्षा भारी. तसं नाहीये ते. जीएल-५ बनलंय मागच्या हौसिंगसाठी, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या डिफरन्शियलसाठी, जिथं क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर घसरत लोड घेतात. म्हणून ओम्नी, बोलेरो, जुनी सुमो असल्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत दोन वेगळी ऑइलं लागू शकतात, हौसिंगला जीएल-५ आणि गिअरबॉक्सला कंपनी म्हणेल ते. दोन्हीकडं एकाच कॅनमधून ओतू देऊ नका.

दुसरा आकडा घट्टपणाचा. ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९०, ७५डब्ल्यू-८० असं डब्यावर असतं. डब्ल्यूच्या अलीकडचा आकडा थंडीचा, पलीकडचा गरम झाल्यावरचा. सोलापुरात बर्फ पडत नाही, त्यामुळं ७५ आणि ८०मधला फरक आपल्याला फार जाणवत नाही, पण नुसतं नव्वद नंबर, ज्यात डब्ल्यूच नाही, ते डिसेंबरच्या सकाळी मधासारखं होतं आणि मग खर्रर्र. उलट्या बाजूला काहीजण म्हणतात इथं ऊन ४३-४४ला जातं म्हणून १४० नंबर टाका. कशाला? कंपनीनं उन्हाचा विचार करूनच आकडा दिलेला असतो. पुस्तकात ७५डब्ल्यू-८० असेल तर ८०च टाका. आणि ॲक्सलचं सील गळतंय म्हणून घट्ट ऑइल टाकायचं हा तर निव्वळ उधारीचा धंदा, सील बदला, स्वस्तात होतं.

होंडाच्या मॅन्युअलचं वेगळंच आहे, तिला तिचं स्वतःचं एमटीएफ, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल, लागतं, बरंच पातळ असतं ते, त्यात नव्वद नंबर ओतलं की गिअर दगडासारखे होतात.

ऑटोमॅटिक असेल तर आधी एक करा, ती नक्की कसली ऑटोमॅटिक आहे ते शोधा. क्लचचं पेडल नाही म्हणजे सगळ्या एकच असं नसतंय. २०१४ला सेलेरिओ आली तेव्हापासून एएमटी गाड्या रस्त्यावर लई झाल्यात, आता त्याच सेकंडहँड बाजारात येतायत. एएमटी म्हणजे आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला मशीन बसवलंय. तिच्या गिअरबॉक्सात गिअर ऑइलच जातं, लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं ऑइल, नाही. त्या मशीनला हायड्रॉलिक ऑइल असेल तर त्याची टाकी वेगळी आणि ऑइल पण वेगळं. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक, असेल तर सीव्हीटीचंच ऑइल, यात तडजोडच नाही, कारण आत स्टीलचा पट्टा किंवा चेन पुलीवर नुसत्या पकडीवर फिरत असते, चुकीच्या ऑइलनं ती सटकली की पुलीवर ओरखडे आणि मग मोठं बिल. आणि जुनी टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे क्लचऐवजी ऑइलमधून इंजिनची ताकद पुढं देणारी, असेल तर एटीएफ, पण कुठलं एटीएफ?

इथं आमच्या मामांचा किस्सा. त्यांची आय१० ऑटोमॅटिक, चार गिअरवाली, जुन्या मालकानं कधी ऑइल बदललं की नाही देव जाणे. सात रस्त्याकडच्या एका दुकानात गेलो तर दुकानदारानं डेक्स्ट्रॉन थ्री नावाच्या एटीएफचा डबा पुढं केला. मी म्हटलं आम्हाला ह्युंदाईचं एसपी-थ्री पाहिजे. तो म्हणाला सर दोन्ही लालच आहे, पॉवर स्टिअरिंगला पण हेच टाकतो आपण. मामा माझ्याकडं बघायला लागले, म्हणाले एवढा माणूस सांगतोय तर घेऊन टाकू की. मी म्हटलं मामा, तुम्ही गाडीकडं चला जरा, बोनेट उघडलं, गिअरबॉक्सची डिपस्टिक काढून फडक्यानं पुसली आणि त्यांच्या डोळ्यापुढं धरली. पट्टीवरच कोरलेलं, एटीएफ एसपी-थ्री. मग काय, मामाच दुकानदाराला समजावून सांगायला लागले.

लाल हा नुसता रंग आहे, ओळखू यावं म्हणून टाकलेला, त्यावरून जात कळत नाही. ह्युंदाईतच जुन्या चार गिअरला एसपी-थ्री आणि नंतरच्या सहा गिअरला एसपी-फोर, ते जास्त पातळ, एकाच्या जागी दुसरं चालत नाही. टोयोटाचं तसंच, जुन्याला टी-फोर आणि नव्याला डब्ल्यूएस. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकला झेड-वन होतं, त्याच्या जागी कंपनीनंच डीडब्ल्यू-वन आणलं, ते मागच्या गाड्यांना चालतं, पण २०१४पासूनच्या सीव्हीटीवाल्या सिटीला एचसीएफ-टू. आणि डेक्स्ट्रॉन थ्रीचं म्हणाल तर जनरल मोटर्सनं त्याचं लायसन देणं २००६च्या शेवटी बंद केलं, म्हणजे आज ज्या डब्यावर ते नाव आहे तो त्या डबेवाल्याचा स्वतःचा शब्द, तपासणारं कुणी नाही.

पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या साईटवर पीडीएफ बघा. नाही सापडलं तर आरसीवरचा चासी नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट काउंटरला जा, ते नंबर टाकून बरोबर ऑइल सांगतात, घ्यायचं नसलं तरी विचारायला पैसे पडत नाहीत. मग बाहेरच्या ब्रँडचं घेतलं तरी चालतं, फक्त डब्याच्या मागचं बारीक वाचा. ‘अप्रूव्ह्ड’ लिहिलं असेल तर गाडीच्या कंपनीनं मान्यता दिलीय, नुसतं ‘सूटेबल फॉर’ असेल तर ऑइलवाला म्हणतोय चालेल. सगळ्या गाड्यांना चालणारं मल्टीव्हेइकल एटीएफ मी स्वतः जुन्या चार गिअरच्या गाडीला एकवेळ टाकीन, यादीत तिचं ऑइल असेल तर. सीव्हीटीला नाही टाकणार. आणि सुटं ऑइल नको, सीलबंद डबाच घ्या.

आता आतलं जुनं ऑइल कसंय ते बघा. ऑटोमॅटिकला डिपस्टिक असेल तर पांढऱ्या कागदावर दोन थेंब सोडा. तपकिरी लाल असेल तर म्हातारं झालंय, बदला. काळं आणि जळका वास असेल तर आतल्या क्लचप्लेट जळाल्यात, नुसत्या ऑइलनं भागेल अशी आशा धरू नका, आणि अशी गाडी अजून घेतली नसेल तर घेऊच नका. दुधी गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधलं कूलंट किंवा पुराचं पाणी आत गेलंय, गाडी चालवू नका. लेव्हल बघायची पद्धत पण गाडीगणिक वेगळी, बहुतेकांना गरम करून इंजिन चालू ठेवून बघतात, होंडाला मात्र इंजिन बंद करून साधारण एक-दीड मिनिटात.

बदलताना मिस्त्रीच्या शेजारी उभे राहा. लाज वाटून घेऊ नका. मॅन्युअलला आधी वरचा भरायचा बोल्ट उघडायचा, तो सुटतोय हे बघितल्यावरच खालचा. उलटं केलं आणि वरचा गंजून बसला असेल तर ऑइल सांडलेलं, भरायला जागा नाही, गाडी लिफ्टवर अडकली. माझं जीएल-५ काढलं तेव्हा मी ते ट्रेमध्ये उन्हात धरून बघितलं, सोनेरी कणी तरंगत होती, तीच ती पितळी रिंग. थोडी चमक जुन्या गाडीत असणारच, पण नखाएवढा तुकडा निघाला तर तो दात आहे. वॉशर नवीन टाका. गाडी सपाट उभी करून वरच्या भोकातून ऑइल बाहेर यायला लागेपर्यंत भरायचं, छोट्या गाडीला साधारण दोन-सव्वादोन लिटर.

ऑटोमॅटिकमध्ये खालचा बोल्ट काढला तरी सगळं ऑइल निघत नाही, निम्मं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच बसून राहतं. म्हणून मशीन लावून फ्लश करा म्हणणारे भेटतील. लाखभर किलोमीटर झालेल्या, हिस्ट्री माहीत नसलेल्या गाडीला मी फ्लश करणार नाही, आतला बसलेला गाळ उठतो आणि व्हॉल्व्हबॉडीत, म्हणजे ऑइलच्या बारीक वाटांत, अडकतो. त्यापेक्षा निघेल तेवढं काढा, तेवढंच मोजून भरा, हजारभर किलोमीटर चालवा, परत तेच. दोन-तीन वेळा केलं की बरंचसं नवीन होतं. मामांच्या गाडीला तसंच केलं, दुसऱ्या वेळेनंतर तुळजापूरचा घाट चढताना गिअर बदलतानाचा झटका बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही, जुनी गाडी आहे शेवटी.

‘लाइफटाइम ऑइल’ यावर विश्वास ठेवू नका, उन्हात ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या गाडीला मी ४०-५० हजारला बदलतो. ऑइलचं नाव आणि किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा, पुढच्या मिस्त्रीशी वाद घालावा लागत नाही.

रात्री गाडीखाली एक पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी लाल थेंब दिसला तर एटीएफ नाहीतर पॉवर स्टिअरिंग, तपकिरी आणि सडक्या अंड्यासारखा वास असेल तर गिअर ऑइल, बोल्ट परत आवळून घ्या. नुसतं पाणी असेल तर एसीचं आहे, मे महिन्यात सोलापुरात ते गळणारच.