झपाटलेल्या पार्टीची गाणी कशी निवडायची

हॅलोविनच्या वेशभूषा पार्टीसाठी गाणी जमवायला बसलं की जे जे भीतिदायक सापडेल ते यादीत टाकलं जातं. मग तासभर नुसत्या किंकाळ्या, वारा आणि ऑर्गन. पहिली दहा मिनिटं लोक दचकतात, पुढची दहा मिनिटं हसतात, नंतर कोणाचं लक्षही राहत नाही. अंगावर काटा आणणारं संगीत वेगळं आणि पाय हलवणारं वेगळं. काटा येतो तो ठेका डळमळला की, आणि नाचायला तर ठेका पक्का लागतो. म्हणून गाणं हाती आलं की ते किती भयाण आहे हे नंतर बघा, आधी ते पार्टीत कधी वाजणार ते ठरवा.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे १९७८ च्या 'हॅलोविन' चित्रपटाची धून. दिग्दर्शक जॉन कारपेंटर यानेच ती रचली आणि ती पाच मात्रांत आहे. कान चार मात्रांची वाट बघतो, पाचवी येते आणि तोल जातो. हीच तिची ताकद. नाच रंगात आलेला असताना ती लावली तर मात्र पाय अडखळतात आणि मिनिटभरात लोक पाण्याच्या टेबलाकडे वळतात. दार उघडून पाहुणे आत येत असताना तीच धून लाखमोलाची.

आधी हिशेब. गाणं सरासरी साडेतीन मिनिटांचं धरलं तर तासाला सतरा लागतात, चार तासांना अडुसष्ट. जमवा मात्र नव्वद, कारण ऐन वेळी काही गाणी अर्ध्यावर बदलावी लागतातच. या नव्वदांत सगळ्यांना माहीत असलेली, झपाटलेली आणि वर नाचण्याजोगी अशी गाणी पंधरा-वीसच निघतील. ती सलग लावली की तासाभरात पोतडी रिकामी. दर तिसरं-चौथं गाणं त्यांतलं ठेवा. मधल्या जागा काळोख्या रंगाच्या साध्या नृत्यगीतांनी भरा: कोमल स्वरांवर चालणारी, खालच्या पट्टीत घुमणारा सिंथेसायझर असलेली. १९८० च्या दशकात अशी भरपूर झाली.

एखादं गाणं खरंच भयाण आहे का, हे शीर्षकावरून ठरवू नका. नावात भूत किंवा चेटकीण असते आणि आत निघतं गुळगुळीत प्रेमगीत. नाव न बघता मधली पंधरा सेकंदं ऐका. खर्जात न हलणारा एकच स्वर, अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली घसरणारी चाल, रिकाम्या दालनासारखा घुमारा, थेरेमिनची (हात न लावता वाजवायचं विजेवरचं वाद्य) लांबवलेली हाक, नाहीतर षड्जावरून थेट तीव्र मध्यमावर मारलेली उडी. यांपैकी दोन गोष्टी सापडल्या तर गाणं ठेवा. सा आणि तीव्र मध्यम यांच्यातलं अंतर पाश्चात्त्य संगीतात पिढ्यान्‌पिढ्या सैतानाच्या खात्यात जमा आहे. फ्रेंच संगीतकार कामी सँ-साँसच्या 'दान्स माकाब्र' या वाद्यवृंदाच्या रचनेत (१८७४) एकट्या व्हायोलिनची वरची तार मुद्दाम अर्धा स्वर उतरवलेली असते, ती नेमकी हेच अंतर छेडण्यासाठी.

ही रचना सुमारे सात मिनिटांची आहे आणि पहिल्या अर्ध्या तासासाठी तिच्याइतकं नेमकं काही नाही. सुरुवातीला हार्पवर एकच स्वर बारा वेळा वाजतो, मध्यरात्रीचे टोले म्हणून. पुढे झायलोफोनवर हाडं खुळखुळतात. लोक एकेक करून येत असतात, एकमेकांचे पोशाख निरखत असतात, त्यामुळे या वेळी शब्द नसलेलं किंवा संथ संगीत हवं. आवाज एवढाच, की हातभर अंतरावरच्या माणसाशी स्वर न चढवता बोलता यावं. दिवा हातात घेऊन फिरणाऱ्या पांढऱ्या साडीतल्या बाईची जुनी हिंदी गाणी लावायची तर हीच वेळ. नाचाच्या मध्यावर ती आली की सगळे थबकून ऐकत बसतात, आणि एकदा बसलेले लोक सहज उठत नाहीत.

नाचाचे दोन तास ११० ते १२८ ठोके दर मिनिटाला या पट्ट्यात ठेवा. मोजायचं कसं? पंधरा सेकंदांत पडणारे ठोके मोजा आणि चारने गुणा. मायकेल जॅक्सनचं 'थ्रिलर' सुमारे ११८ वर आहे, रे पार्कर ज्युनियरचं 'घोस्टबस्टर्स' (१९८४) साधारण ११५ वर, म्हणून ती दोन एकापाठोपाठ छान बसतात. 'घोस्टबस्टर्स' आधी लावा, कारण त्यात प्रश्नाला ओरडून उत्तर द्यायचं असतं आणि लाजणारेही तोंड उघडतात. रॉकवेलचं 'समबडीज वॉचिंग मी' (१९८४) यांच्या जोडीला चालतं. त्याच्या ध्रुवपदात मायकेल जॅक्सनचाच आवाज आहे, त्यामुळे अनोळखी वाटलं तरी कान लगेच ओळखतात.

'थ्रिलर' कोणत्या रूपात लावताय ते तपासा. १९८२ च्या अल्बमवरचं गाणं जवळपास सहा मिनिटांचं आहे. आधी दार करकरतं, पावलं वाजतात, लांडगा विव्हळतो, मग ठेका येतो. शेवटी भयपटांतला नट व्हिन्सेंट प्राइस याचं निवेदन आणि हसणं. दिग्दर्शक जॉन लँडिसचा १९८३ चा व्हिडिओ तर चौदा मिनिटांच्या आसपास जातो, मध्ये चक्क संवाद आहेत. तो चुकून यादीत शिरला तर नाचणारे नुसते उभे राहतात. अल्बमचीच प्रत घ्या आणि करकरत्या दाराचा उपयोग घोषणेसारखा करा: तो आवाज आला की लोक स्वतःहून मध्ये येतात.

बॉबी पिकेटचं 'मॉन्स्टर मॅश' ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं होतं. ते विनोदी आहे, नाचाच्या आरंभी चालतं, पण रात्रीत एकदाच. दुसऱ्यांदा लावलं की विनोद शिळा होतो. 'रॉकी हॉरर' या संगीतिकेतल्या 'टाइम वॉर्प' मध्ये कुठे उडी मारायची, हात कुठे ठेवायचे हे शब्दांतच सांगितलेलं असल्याने ज्यांना नाचता येत नाही त्यांचीही सोय होते. स्क्रीमिन जे हॉकिन्सचं १९५६ चं 'आय पुट अ स्पेल ऑन यू' संथ आहे आणि झोके घेत चालतं. नाच थांबवून श्वास घ्यायचा असेल तिथे ते घाला.

असा थांबा दर वीस-पंचवीस मिनिटांनी हवाच. मुखवटे, झगे, रबरी हात घातलेल्या माणसाला साध्या कपड्यांतल्या माणसापेक्षा कितीतरी लवकर उकडतं, आणि सलग तीन वेगवान गाण्यांनंतर मुखवटे उतरू लागतात. मुखवटे उतरले की पार्टीची अर्धी गंमत गेली.

पोशाखांची मिरवणूक असेल तर शब्द नसलेली धून घ्या, चालण्याच्या गतीची, म्हणजे शंभराच्या आसपास ठोके. माणशी वीस सेकंद धरली तर तीस जणांना दहा मिनिटं लागतात. तेवढी लांब एकच धून शोधण्यापेक्षा तीन मिनिटांची चांगली धून पुन्हा पुन्हा वाजत ठेवणं सोपं. मुलांच्या खेळाला ग्रीगची 'पर्वतराजाच्या दरबारात' ही रचना अगदी मापाची आहे. अडीच मिनिटांत ती दबक्या पावलांवरून सुसाट धावत सुटते. कागदी पट्ट्यांनी ममी गुंडाळायची शर्यत तिच्यावर लावा, वेगळं घड्याळ लागत नाही.

लहान मुलं असली तर अचानक किंकाळी फोडणारे ध्वनिपरिणाम पूर्ण वगळा. मोठ्यांसाठीही ते दोन गाण्यांच्या मध्ये अर्धा-एक मिनिटच. प्रत्येक गाण्याचे शब्द शेवटपर्यंत ऐका. खरा खून किंवा आत्महत्या सांगणारी गाणी या खेळात बसत नाहीत. पाहुण्यांपैकी कोणाला काय आठवेल हे आपल्याला माहीत नसतं.

आता यंत्राकडे. गाणी एकमेकांत मिसळण्याची सोय नाचाच्या यादीला चार-पाच सेकंदांवर ठेवा, पण आगमनाच्या यादीला शून्यावर, नाहीतर हार्पचे टोले आणि पावलांचे आवाज मागच्या गाण्याखाली गाडले जातात. म्हणूनच दोन वेगळ्या याद्या करा. पन्नास-साठच्या दशकातली ध्वनिमुद्रणं आजच्या गाण्यांशेजारी हळू वाटतात. आवाज समान राखणारी सेटिंग चालू करा, नाहीतर रात्रभर एक जण बटणापाशी अडकून पडतो. शोधताना मूळ गायकाचं नाव बघा: याच गाण्यांच्या नकला आणि कराओके प्रती ऑक्टोबरात शोधयादीत वर तरंगतात. सगळं आदल्या दिवशी उतरवून घ्या, जाहिराती बंद आहेत ना ते बघा आणि फोन विमान मोडवर टाका. स्पीकरला ब्लूटूथऐवजी वायर जोडा, कारण खोलीत माणसं भरली की ब्लूटूथ तुटू शकतं.

शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी मुसोर्गस्कीची 'उजाड डोंगरावरची रात्र' घ्या, रिम्स्की-कोर्साकोव्हने सिद्ध केलेली प्रत. साधारण अकरा-बारा मिनिटं. भुतांचा धिंगाणा ऐन भरात असताना देवळाची घंटा वाजते आणि सगळं निवळत जातं. घंटा ऐकू आली की दिवे एकेक करून लावा. घरी जा म्हणून कोणाला सांगावं लागत नाही.