पॉपीची रोपं माना टाकत होती, त्यावर लागू पडलेला उपाय

दोन हिवाळे एकच तऱ्हा: शर्ली पॉपीचं (अफूच्याच कुळातलं, पण शोभेचं फुलझाड) बी ट्रेमध्ये छान उगवायचं, पण रोपं कुंडीत हलवली की चार दिवसांत माना टाकायची. सावली केली, पाणी वाढवलं, बुरशीनाशक मारलं. फार जीव तुटायचा.

शेवटी मेलेलं रोप उपटून पाहिलं. इवल्याशा रोपाला बोटभर लांब, केसासारखं सोटमूळ, तेही मधेच तुटलेलं. पॉपीला मूळ हलवलेलं सोसत नाही.

यंदा बी थेट जागेवर पेरलं, दिवाळीनंतर नाशिकच्या रात्री गार झाल्यावर. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून ती निम्मीच घेतली. बाकी वाळू आणि कुजलेलं शेणखत. आधी कुंडी भिजवली. चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरलं, तळहाताने हलकं दाबलं. वर माती अजिबात नाही, या बियाला उजेड लागतो. पाणी फक्त स्प्रेने. दहा-बारा दिवसांत हिरवी लव दिसली. चार पानांवर जादा रोपं उपटली नाहीत, कात्रीने कापली. शेजारच्या रोपाची मुळं हलत नाहीत. दोन रोपांत वीतभर अंतर ठेवलं.

बी मात्र शर्लीचंच घ्या. अफूची खसखस विनापरवाना लावणं गुन्हा आहे.

फेब्रुवारीत पहिली लवदार कळी खाली झुकली होती, सकाळी ती ताठ उभी राहून लाल उमलली.