क्रीमी राजमा जमत नाही? क्रीम ओतायच्या आधी या चुका टाळा

ओळखीतली मंडळी मला फोटो पाठवतात. पातळ पांढुरकं पाणी, त्यात सुटे सुटे तरंगणारे दाणे, आणि खाली एकच प्रश्न, अजून किती क्रीम घालू? अगं नको घालूस. तिथे क्रीम कमी पडलेलंच नाहीये, दाणे शिजायचे राहिलेत.

हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता एकदा सगळं लिहूनच टाकते. मी बोलतेय सुक्या दाण्यांबद्दल, म्हणजे पांढरा राजमा, लाल राजमा, मोठे चपटे बटर बीन्स वगैरे, हिरव्या शेंगांबद्दल नाही. या दाण्याच्या पोटात भरपूर स्टार्च असतो. दाणा निवांत शिजला की तो स्टार्च पाणी पिऊन फुगतो, थोडा बाहेरच्या पाण्यात उतरतो आणि ते पाणीच दाटसर, मऊ होतं. क्रीमीपणा येतो तो इथून. क्रीम शेवटी चवीपुरतं, एक कप सुक्या राजम्याला मी दोन ते तीन टेबलस्पून घालते, त्याच्या वर कधी जात नाही. ज्यांना अर्धा डबा लागतो त्यांचं गणित आधीच कुठेतरी चुकलेलं असतं.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, टोमॅटो आधी घालणं. लोकांना सगळं एकदाच कुकरमध्ये ढकलून मोकळं व्हायचं असतं, कांदा, लसूण, टोमॅटो, भिजवलेला राजमा, पाणी, झाकण, झालं. आणि मग राजमा शिजत नाही म्हणून दुकानदाराला नावं ठेवायची. दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा जो पदार्थ असतो, पेक्टिन, तो आंबट पाण्यात लवकर सुटतच नाही. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर, वाइन, सगळ्यांचं तेच. दाणा तासन् तास उकळत राहतो आणि आतून कच्चट तो कच्चटच.

मला हे कसं कळलं ते सांगते. बरीच वर्षं झाली, घरी दहा-बारा माणसं जेवायला होती आणि मी ठरवलं की टोमॅटोतच राजमा शिजवायचा म्हणजे चव मुरेल. दुपारी तीनला पातेलं चढवलं. पाचला दाणा दाबून बघितला, टणक. म्हटलं होईल. सहाला पुन्हा बघितलं, साल मऊ आणि आतला गाभा खडूसारखा. मग घाबरून सगळं कुकरमध्ये ओतलं, शिट्ट्यांवर शिट्ट्या, टोमॅटो तळाशी लागला, करपल्याचा वास सगळ्या घरात, आणि दाणे? काही फुटून पीठ झालेले, काही तसेच दाताखाली करकरणारे. त्यावर मी क्रीम ओतलं, की निदान दिसायला तरी बरं दिसेल, तर गरम आंबट रश्श्यात पडल्या पडल्या ते फाटलं, पांढऱ्या गुठळ्या वर आणि पाणी खाली. रात्री साडेनऊला माणसांना मी बाकीचं होतं नव्हतं ते वाढलं. एक जण ताटातले दाणे हळूच बाजूला सारत होता ते मला अजून आठवतं, खूप वाईट वाटलं होतं.

तेव्हापासून माझा नियम, दाणा बोटचेपा झाल्याशिवाय आंबट वस्तू ओट्यावर काढायचीच नाही. टोमॅटो वेगळा परतून, पार आटवून, शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत घालते. चव मुरायला तेवढा वेळ पुरतो, खरंच पुरतो. आणि चुकून आधी पडलाच असेल तर चिमूटभर खायचा सोडा घालून बघा, आंबटपणा थोडा मारला जातो आणि दाणा हलायला लागतो. पण चिमूटच. सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि सालं सुटून सगळा लगदा होतो. सोडा रोजचा शॉर्टकट म्हणून वापरणारे लोक मला पटत नाहीत, आठ तास भिजवायला आपल्याला काय कष्ट पडतात? आपण झोपलेले असतो.

भिजवण्यावरून आठवलं, मीठ. "मीठ घातलं की दाणा निबर होतो" हे इतकं पक्कं बसलंय डोक्यात की लोक पूर्ण अळणी राजमा शिजवतात आणि शेवटी वरून मीठ भुरभुरवतात, मग रस्सा खारट आणि दाणा फिक्का. उलट आहे हो सगळं. भिजवायच्या पाण्यात मीठ घाला, एक लिटरला साधारण 15 ग्रॅम, म्हणजे एक टेबलस्पून. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेतं आणि साल नरम पडते, फाटत पण नाही फारशी. सकाळी ते पाणी फेकायचं, दाणे धुवायचे, ताजं पाणी घ्यायचं. मी आठ ते बारा तास भिजवते, फार उकाडा असेल तर भांडं फ्रिजमध्ये, नाहीतर पाण्याला फेस येऊन आंबूस वास सुटतो.

पाणी जड असेल, म्हणजे भांड्यांवर पांढरे डाग पाडणारं, तर त्यातल्या कॅल्शियममुळे दाणा लवकर शिजत नाही. फिल्टरचं पाणी वापरा, विषय संपला.

जुना राजमा. डब्यात तळाशी दोन वर्षं पडलेला, त्यावर नवा ओतलेला, आणि मग "अर्धे दाणे शिजले अर्धे नाही". जुना आणि नवा कधीही एकत्र करू नका. उष्ण आणि दमट जागी पडून राहिलेल्या दाण्यात आतल्या आत असे बदल होतात की तो पुढे कितीही शिजवा, पूर्ण मऊ होत नाही. भिजवल्यावर सुरकुतलेले, न फुगलेले गणंग दिसले की मी ते वेचून टाकते, एकेक करून, वेळ लागतो पण लागू दे.

आता जी चूक मी गमतीवारी नेऊच शकत नाही ती. लाल राजमा अर्धवट शिजवणं.

माझ्या एका मैत्रिणीने नवीन स्लो कुकर घेतला, तो मंद आचेवर दिवसभर शिजवणारा. रात्री राजमा भिजवला, सकाळी थेट त्यात टाकला, लो वर ठेवला आणि कामाला गेली. संध्याकाळी दोघांनी जेवण केलं, दाणे जरा घट्ट होते पण क्रीम-लसूण असल्यामुळे चालून गेलं. दोन तासांत उलट्या सुरू, दोघांनाही, मग जुलाब, रात्रभर. तिला वाटलं क्रीम खराब होतं. मला फोन आला तेव्हा मी पहिलं विचारलं, राजमा आधी उकळला होतास का? नव्हता.

कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं प्रथिन असतं, लाल राजम्यात सगळ्यात जास्त, पांढऱ्यात त्याहून बरंच कमी पण असतंच. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी त्रास होऊ शकतो, आणि तो साधारण एक ते तीन तासांत सुरू होतो. खळखळून उकळल्यावर ते निकामी होतं. पण कमी तापमानावर, 80 अंशांच्या आसपास, नुसतं गरम होत राहिलं तर त्याचा जोर कमी व्हायच्या ऐवजी कच्च्याच्या पाचपटीपर्यंत वाढू शकतो. म्हणून भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात, गॅस मोठा ठेवून, कमीत कमी 10 मिनिटं खळखळ उकळी, आणि त्याच्यानंतर आच कमी. मी अर्धा तास उकळते, मनाला बरं वाटतं. कुकरमध्ये पूर्ण शिजवत असाल तर तिथे तापमान 100 च्या वर जातं, काळजी नाही. स्लो कुकर वापरायचाय तर वापरा, पण आधी गॅसवर उकळून मगच. आणि "जरा अल डेंटे, म्हणजे दाताला थोडा घट्ट लागेल असा, ठेवलाय" असं राजम्याच्या बाबतीत कोणी म्हणालं तर त्यांच्याकडे जेवू नका. दाणा जिभेने टाळूवर दाबला की विरघळला पाहिजे. एक दाणा चाखून ठरवू नका, पाच चाखा, भांड्यातल्या वेगवेगळ्या जागचे. पाचही मऊ असतील तरच झालं.

कुकरबद्दल दोन गोष्टी. अर्ध्याच्या वर भरू नका, राजमा फुगतो आणि फेस करतो, तो फेस शिट्टीच्या भोकात गेला की धोका. एक चमचा तेल घातलं की फेस कमी होतो. आणि प्रेशर आपोआप उतरू द्या! चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडणारे लोक मी बघते ना तेव्हा माझा जीव वर-खाली होतो, हात भाजायची भीती तर आहेच आणि शिवाय प्रेशर एकदम पडलं की आतलं पाणी उसळतं, दाणे फुटतात, सालं वेगळी तरंगायला लागतात. पंधरा मिनिटं थांबा, तोवर कांदा परता.

शिजवलेलं पाणी फेकू नका. हे मोठ्या अक्षरात लिहावंसं वाटतं. भिजवलेलं पाणी फेकायचं, शिजवलेलं ठेवायचं, लोक नेमकं उलटं करतात. दाण्यातून बाहेर उतरलेला स्टार्च त्यातच असतो.

दाटपणा हवा असेल तर कॉर्नफ्लोर किंवा मैदा लावत बसू नका, दोन डाव शिजलेले दाणे काढा, पळीच्या पाठीने चेचा, परत भांड्यात टाका आणि मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा. बस. मिक्सर फिरवायचा मोह आवरा, पाच सेकंद जास्त झाले की चिकट लापशी होते.

लसूण करपवू नका, कडवटपणा क्रीममध्ये लपत नाही, उलट पुढे येतो. करपलाच तर तो फेकून नवा घ्या.

आणि क्रीम. गॅस बंद करा, मग क्रीम. रटरटणाऱ्या भांड्यात फ्रिजमधलं थंड क्रीम ओतलं की ते फाटायचीच शक्यता जास्त, त्यात टोमॅटो असेल तर विचारूच नका. मी अर्धा तास आधी क्रीम बाहेर काढून ठेवते, एका वाटीत घेऊन त्यात दोन पळ्या गरम रस्सा थोडा थोडा मिसळते आणि मग ते मिश्रण भांड्यात. कमी फॅटचं क्रीम, दूध, दही हे लवकर फाटतात, जास्त फॅटचं बरंच सहन करतं, म्हणून "हलकं करूया" म्हणत दूध ओतणाऱ्यांना मी सांगते की मग दूधही नको, चेचलेले दाणे वाढवा आणि वरून थोडं लोणी घाला. फाटलंच तर आणखी उकळू नका, गॅस बंद करून थोडं ताजं क्रीम घालून हलक्या हाताने फेटा, पूर्ण नाही पण बऱ्यापैकी सावरतं.

थंड झाल्यावर हे घट्ट होतं, गोळाच होतो म्हणा ना. त्यामुळे गॅसवरून उतरवताना जरा सैलच ठेवा, ताटात येईपर्यंत बरोबर बसतं. उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी गरम करताना नुसतं मायक्रोवेव्हमध्ये ढकलू नका, कोरडं पडतं. शिजवलेलं पाणी मी एका बरणीत वेगळं ठेवते तेच दोन-चार चमचे घालून मंद आचेवर ढवळत गरम करते, आणि मीठ तेव्हा परत चाखते कारण रात्रभरात दाण्याने ते ओढून घेतलेलं असतं.