लकवा झाल्यानंतर बाबांना घास भरवताना

बाबा दवाखान्यातून घरी आले की इंदूरच्या मराठी घरात दुसऱ्याच सकाळी विचारलं जातं, थोडे पोहे देऊ का? अजून देऊ नका. आपले पोहे मोकळे, दाणा न् दाणा सुटा, वर कुरकुरीत सेव, कच्चा कांदा आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा कोरडा मसाला). लकव्यानंतर जीभ आणि गाल एका बाजूने ढिले पडतात, त्यामुळे सुट्या दाण्यांचा एक घास बांधता येत नाही. काही दाणे गालात अडकतात, काही गिळण्याआधीच घशात ओघळतात आणि जीरावनची भुकटी श्वासाबरोबर आत जाते.

घास श्वासनलिकेत गेला की निरोगी माणसाला ठसका लागतो. या आजारात अनेकदा तोही लागत नाही, म्हणून ‘खोकले नाहीत, म्हणजे ठीक आहे’ असं धरून चालू नका. गिळल्यावर आवाज ओला, घुरघुरता येणं, डोळ्यांत पाणी, जेवायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ, कारण सापडत नसलेला ताप या खुणा पाहा. अन्न फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया लकव्यानंतरच्या मोठ्या धोक्यांपैकी एक आहे. घरी सोडण्याआधी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या आणि अन्न किती मऊ, पाणी किती दाट हे कागदावर लिहून मागा. स्पीच थेरपी फक्त बोलण्यासाठी असते असं समजून ही भेट टाळली जाते. ती टाळू नका.

भरवायचं ते खुर्चीत बसवून. कंबर मागे टेकलेली, पाय जमिनीवर सपाट (पोचत नसतील तर खाली पाट), अधू हात समोरच्या टेबलावर उशीवर. खुर्चीत नेताना अधू हात ओढू नका आणि काखेत हात घालून उचलू नका. खांद्याचा सांधा मुख्यतः स्नायूंनी धरलेला असतो. ते ढिले पडल्यावर एका ओढीत सांधा खाली सरकू शकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरा आणि खुर्ची चांगल्या बाजूला ठेवा.

भरवणाऱ्याने समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावं. उभं राहून भरवलं की बाबा मान वर करतात आणि त्या स्थितीत घास श्वासनलिकेकडे जाणं सोपं होतं. टीव्ही बंद, कवळी आणि चष्मा लावलेला. अर्धा छोटा चमचा घास चांगल्या बाजूच्या गालाकडे ठेवा आणि कंठमणी वर जाऊन खाली येईपर्यंत थांबा. मग एकदा रिकामं गिळायला सांगा, ‘आ’ म्हणायला सांगा आणि आवाज कोरडा असेल तरच पुढचा घास द्या. तोंडात घास असताना ‘आवडलं का?’ असंही विचारू नका. चमचा त्यांच्या हातात देऊन खालून तुमचा हात धरता आला तर सगळ्यात उत्तम. स्वतःचा हात तोंडाकडे येताना घसा गिळायला तयार होतो.

सगळ्यात अवघड असतं साधं पाणी, कारण ते घशातून फार वेगाने जातं. म्हणून थेरपिस्टने लिहून दिलं असेल तेवढं ते दाट करून द्यायचं. दाटपणा घरी मोजता येतो. ० ते १० या खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी असलेली १० मिलीची सिरिंज घ्या. दट्ट्या काढा, टोक बोटाने बंद करून १० मिली भरा आणि बरोबर १० सेकंद बोट सोडा. १ ते ४ मिली उरलं तर किंचित दाट, ४ ते ८ तर थोडं दाट, ८ च्या वर तर मध्यम दाट. चहा ज्या तापमानाला देणार, त्याच तापमानाला मोजा. नाचणीची किंवा तांदळाची पेज मोजून दाट केली तरी एक फसगत होते. लाळ लागलेला चमचा पुन्हा वाटीत बुडवला की लाळ स्टार्च पचवू लागते आणि पेज पातळ होत जाते. म्हणून थोडं थोडं वेगळ्या वाटीत काढून द्या. दाट केलेलं पाणी कमी प्यायलं जातं, तेव्हा दिवसाचे पेले लिहून ठेवा, एप्रिल-मेमध्ये तर नक्कीच.

गुरगुट्या भात घट्ट वरणात घोटून तुपासह चालतो, पण पातळ वरणातली शितं चालत नाहीत. पाणी आधी घशात उतरतं, शितं तोंडात राहतात. चहात बुडवलेल्या बिस्किटाचंही तसंच. घोटून मऊ जेवण सांगितलं असेल तर एकही गुठळी ४ मिमीहून मोठी नको. साधारण काट्याच्या दोन दातांमधल्या फटीएवढी. साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याचं कूट दूर ठेवा.

जेवणानंतर अर्धा तास बसवूनच ठेवा. अधू गालात उरलेलं अन्न काढा आणि दात घासून द्या. नाकातून नळी असली तरी दात घासायचेच, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात जातात. गोळ्या विचारल्याशिवाय कुटू नका. आवरण असलेली ॲस्पिरिन आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात.

पुन्हा तोंड वाकडं झालं, हात गळाला किंवा बोलणं अडखळलं, तर तोंडाने काहीही न देता १०८ ला फोन करा आणि शेवटचे ठीक कधी होते ती वेळ सांगा. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आणि पोहे? थेरपिस्टने मऊ जेवणाला होकार दिला की. नेहमीपेक्षा जास्त भिजवा, वाफेवर पूर्ण मऊ करा, मोहरी, मिरची आणि कढीपत्ता टाळा, दह्यात काट्याने कुस्करा. पहिल्या दिवशी दोन चमचे, सकाळी, बाबा ताजेतवाने असताना; चहा सोबत नको, नंतर. सेव आणि जीरावन सगळ्यात शेवटी.