रॉटिंगडीन कसं पाहावं: किपलिंगच्या गावातली अर्ध्या दिवसाची फेरी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटन शहराच्या पूर्वेला सहा-सात किलोमीटरवर, पांढऱ्या खडूच्या कड्यांमधल्या खिंडीत रॉटिंगडीन वसलं आहे. मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात १८६५ साली जन्मलेला इंग्रजी लेखक-कवी रुडयार्ड किपलिंग १८९७ ते १९०२ या गावात राहिला. 'किम' ही कादंबरी त्याने इथेच पूर्ण केली.

निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा पाहा आणि शक्यतो सकाळची ओहोटी गाठा. ब्रायटन मरीनापासून कड्याच्या पायथ्याने काँक्रीटची सपाट वाट जाते. गावापर्यंत तीन किलोमीटर, रमतगमत पाऊण तास. पाणी उतरलं की खडकांत काँक्रीटचे ठोकळे ओळीने उघडे पडतात. अभियंता मॅग्नस व्होकने १८९६ मध्ये सुरू केलेल्या विजेच्या रेल्वेचे हे अवशेष. तिचा डबा सात मीटर उंच पायांवर, भरतीच्या पाण्यातून चालायचा! १९०१ मध्ये ती बंद पडली. भरतीच्या वेळी गेलात तर यातलं काहीच दिसणार नाही. वारा नैर्ऋत्येचा आणि जोराचा असेल तर लाटा थेट वाटेवर येतात, दरड कोसळली की वाट बंदच असते. अशा वेळी वरच्या रस्त्याने बस घ्यावी.

गावात शिरल्यावर हाय स्ट्रीटने सरळ तळ्यापर्यंत या. इथे घाई करू नका. नॉर्थ एंड हाउस हे चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सचं घर. त्याची पत्नी जॉर्जियाना ही किपलिंगची मावशी. १८९७ च्या उन्हाळ्यात किपलिंग तिच्याकडे उतरला होता. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याच्या निमित्ताने लिहिलेली 'रिसेशनल' ही कविता त्याने कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती. घरातल्या पाहुणीने ती बाहेर काढली, मावशीनेही आग्रह धरला, म्हणून १७ जुलैला ती 'टाइम्स'मध्ये आली. हीच मावशी दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिशांच्या बोअर युद्धाच्या कट्टर विरोधात. १९०२ मध्ये तह झाल्यावर तिने खिडकीतून निषेधाचा फलक लावला, गावकरी चिडून जमले आणि त्यांना शांत करायला साम्राज्याचा कवी असलेला भाचाच धावला. या गावाचं खरं साहित्य मावशीच्या आणि भाच्याच्या घरांमधल्या अंतरात आहे, असं आम्हाला वाटतं.

हाकेच्या अंतरावरचं द एल्म्स हे किपलिंगचं भाड्याचं घर. बरेच जण ते संग्रहालय समजून दार ठोठावतात. ते खासगी आहे. ब्रायटनहून घोडागाडीने येऊन भिंतीवरून डोकावणाऱ्यांना कंटाळूनही किपलिंगने गाव सोडलं, तेव्हा तोच प्रकार आपण करू नये. शेजारची किपलिंग बाग मात्र सर्वांना खुली, विनामूल्य. त्याचं जतन केलेलं घर आतून पाहायचं असेल तर बर्वॉश गावातलं 'बेटमन्स' हे घर गाठावं लागेल, त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

सेंट मार्गारेट चर्च दुपारच्या आत पाहून घ्या, कारण बर्न-जोन्सने रेखलेली तीन देवदूतांची खिडकी पूर्वेला आहे, सकाळच्या उन्हातच ती उजळते. रविवारी सकाळी प्रार्थना असते, ती वेळ टाळा. बाहेर आल्यावर दारालगतची भिंत नीट पाहा: बर्न-जोन्स पतिपत्नींच्या अस्थींची साधी पाटी तिथेच आहे.